भट्टीतून बाहेर येतं ते कोण?

गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तेरच्या कुंभाराच्या अंगणात संतमंडळी जमलेली. कोपऱ्यात लाकडी थापटणं पडलेलं. हे कशासाठी, असं मुक्ताबाई विचारते. मडकं पक्कं की कच्चं ते यावर कळतं, असं काका सांगतात. आणि मग इथली मडकी तपासून पाहा म्हटल्यावर एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसून मार खातात, फक्त नामदेव कुरकुरतो. निकाल लागतो, हे मडकं कच्चं आहे. आख्यायिका पुढे नामदेवाला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे घेऊन जाते.

कीर्तनकार या गोष्टीत अहंकारापाशी थांबतात. कुंभार मात्र आवाजापाशी थांबेल. भाजलेलं मडकं खणकन वाजतं, कच्चं असेल तर बद्द. माती तीच, घाट तोच, गळ्याभोवतीची बोटांची रेषही तीच. मग आव्यात नेमकं बदललं काय? आणि ज्याला आत ठेवलं तेच बाहेर आलं, हे कशावरून?

या प्रश्नावर भारतीय दर्शनं शेकडो वर्षं भांडली आहेत, आणि तीही मडक्यावरूनच. वैशेषिकांचा पक्ष पीलुपाकवाद म्हणून ओळखला जातो. पीलू म्हणजे परमाणू. त्यांच्या मते आगीचा खरा परिणाम सुट्या परमाणूंवरच होऊ शकतो. म्हणून आव्यात काळं मडकं परमाणूंपर्यंत विस्कटतं, परमाणूंचा काळा रंग जाऊन लाल येतो, मग ते पुन्हा जोडले जाऊन नवं मडकं तयार होतं. हे सगळं इतक्या झपाट्याने होतं की आपल्याला कळत नाही. किती झपाट्याने, याचाही त्यांनी हिशेब मांडला: नऊ क्षण धरायचे, दहा की अकरा, यावर टीकाकारांनी पानंच्या पानं भरली आहेत. नैयायिकांना हे पटलं नाही. त्यांचा तो पिठरपाकवाद, पिठर म्हणजे मडकं. मडकं अख्खंच्या अख्खं भाजलं जातं, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून अग्नीचे कण आत शिरतात. त्यांचे आक्षेप अगदी कुंभारवाड्यातले आहेत. आव्याच्या भोकातून डोकावून पाहा, मडकी जागच्या जागी दिसतात. खालचं मडकं खरंच विस्कटलं असतं तर वर रचलेली उतरंड कोसळली नसती का? भाजण्यापूर्वी मारलेली खूण भाजल्यावर तशीच कशी राहते?

भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'त, जो वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतून निघाला, अशा वादांचे पारिभाषिक शब्द रांगेने लावलेले आहेत. कोशात गेलेला वाद मेला, असं मानायची आपली सवय. हा वाद मात्र एका वेगळ्याच भट्टीत अजून धुमसतो आहे.

ती भट्टी टायटॅनिअमची. हा धातू पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनाचा आणि गंजाला न जुमानणारा. १७९५ मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं. विमानाच्या इंजिनातल्या पंख्याची तबकडी, मोडलेल्या हाडातली पट्टी, दाताच्या मुळाशी बसवलेला स्क्रू, अशा जागी तो आज असतो. सहा टक्के अॅल्युमिनिअम आणि चार टक्के व्हॅनेडिअम घातलेला त्याचा मिश्रधातू जगात सर्वाधिक वापरला जातो. कारखान्यात त्याला नुसतं 'सिक्स-फोर' म्हणतात.

शुद्ध टायटॅनिअमचे अणू थंड असताना षट्कोनी रचनेत बसतात. हा अल्फा. ८८२ अंश सेल्सिअसला ते उठून घनाकृती रचनेत बसतात. हा बीटा. सिक्स-फोरमध्ये दोन्ही थोडे थोडे एकत्र नांदतात, आणि सगळंच्या सगळं बीटा व्हायला साधारण ९९५ अंश लागतात. धातू या सगळ्यात घनच असतो. शुद्ध टायटॅनिअम वितळायला १६६८ अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे तांबड्या-पिवळ्या प्लेटीकडे डोळ्यावर काच धरून पाहणाऱ्या कामगाराला नैयायिकांचंच चित्र दिसतं, प्लेट जागच्या जागी. आत मात्र प्रत्येक अणूने घर बदललेलं असतं.

आता लाटणं. षट्कोनी पेन्सिलींचा मोठा ढीग डोळ्यांपुढे आणावा, कशाही पडलेल्या. अल्फा टायटॅनिअमचा प्रत्येक स्फटिककण म्हणजे अशी एक पेन्सिल. ती कडेच्या बाजूंवरून सहज घसरते. लांबीच्या दिशेने दाबली तर मात्र मुळीच ऐकत नाही. रोलमधून प्लेट पुन्हा पुन्हा काढली की या पेन्सिली हळूहळू वळतात आणि ठरावीक कोनांत येऊन बसतात. एकाच दिशेने, वरच्या तापमानाला लाटलेल्या सिक्स-फोर प्लेटीत त्यांच्यातल्या पुष्कळशा प्लेटीच्या रुंदीकडे तोंड करतात. दिशा बदलून उभं-आडवं लाटलं तर त्या प्लेटीवर उभ्या राहतात. पोळी लाटणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एकाच अंगाने लाटणं फिरवलं तर पोळी लांबट होते आणि तव्यावर वाकडी फुगते, म्हणून दर दोन फेऱ्यांनंतर ती वळवायची असते. धातूचं लांबटपण कापून टाकता येतं, आतली दिशा कापून जात नाही.

या दिशेला धातुशास्त्रात टेक्स्चर म्हणतात. मराठीत पोत म्हणायचा मोह होतो, पण पोत बोटाला कळतो आणि हे बोटाला कळत नाही. यंत्राला मात्र चांगलंच कळतं: एका स्फटिकाची ताठरता त्या पेन्सिलीच्या लांबीत सुमारे १४५ गिगापास्कल भरते आणि आडव्या अंगाने सुमारे १००. एकाच धातूचा एकाच दिशेला दीडपट हट्ट. म्हणून चांगल्या गिरणीत प्लेटीच्या कोपऱ्यावर लाटल्याची दिशा दाखवणारा बाण रंगवतात, आणि चाचणीचा तुकडा कापताना तो उभा कापला की आडवा हे कागदावर लिहितात.

लाटलेल्या, ठोकलेल्या, तापवलेल्या वस्तूत जे मागे राहतं त्याला मराठी माणूस एकच शब्द वापरेल: संस्कार. मुंज हा संस्कार, फोडणी हाही संस्कार. चरकसंहितेत अन्नावर पाणी, अग्नी, घुसळणं, भांडं, काळ यांनी जो नवा गुण येतो त्याला संस्कार म्हटलं आहे. पण शब्दाची सगळ्यांत काटेकोर वाटणी वैशेषिकांनीच केली. त्यांच्या चोवीस गुणांत संस्कार हा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेग. पाहिलेली गोष्ट मागाहून आठवते ती भावना, ही फक्त आत्म्यात. आणि वाकवलेलं धनुष्य, खाली ओढलेली फांदी सोडल्यावर मूळ जागी जाते, तो स्थितिस्थापक. मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात इलॅस्टिसिटीला स्थितिस्थापकत्व म्हणतात, ते इथून आलेलं. माणसाची आठवण आणि फांदीचं परत जाणं त्यांनी एकाच खणात ठेवलं, कारण दोन्हीकडे भूतकाळ काहीतरी मागे ठेवून जातो आणि ते पुढे काम करतं.

इथे लगेच एक मोह होतो आणि तो वेळीच दाबलेला बरा. वैशेषिकांच्या कणादाला टायटॅनिअम ठाऊक नव्हतं, स्फटिक-रचना ठाऊक नव्हती, आणि त्याच्या परमाणूचा आजच्या अणूशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. पूर्वजांना सगळं माहीत होतं म्हणणाऱ्यांची सभा वेगळी भरते. त्या लोकांनी प्रश्न कसा धारदार केला, एवढंच इथे घ्यायचं आहे.

नायटिनॉलचं उदाहरण लोक इथे हमखास देतात. निकेल आणि टायटॅनिअम जवळपास निम्मेनिम्मे. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या गटाने तो नावारूपाला आणला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका बैठकीत त्याची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत होती, कुणीतरी तिच्याखाली लायटर धरला आणि पट्टी सगळ्यांदेखत सरळ झाली. आज रक्तवाहिन्यांत जाणाऱ्या काही जाळ्या या गुणावर उघडतात. पण नायटिनॉलची आठवण फार बोलकी आहे, जादूगाराच्या टोपीसारखी. सिक्स-फोरची आठवण अबोल असते, आणि विचार करायला तीच जास्त उपयोगी पडते.

प्रश्न असा. लाटून दिशा बसलेली प्लेट ९९५ अंशांच्या वर नेली. अल्फा संपला, षट्कोनी पेन्सिली उरल्याच नाहीत. मग प्लेट थंड केली. अल्फा पुन्हा आला. तो नव्याने, कशाही दिशांनी यायला हवा. तप केलं, जुनं जळालं, पाटी कोरी.

तसं होत नाही. १९३४ मध्ये डब्ल्यू. जी. बर्गर्स या डच शास्त्रज्ञाने झिर्कोनिअम या टायटॅनिअमच्या चुलतभावात दाखवलं, की घनाकृती घरातून षट्कोनी घरात येताना अणू मनमानी करत नाहीत. घनातली अणूंनी सर्वांत दाटलेली एक पातळी षट्कोनाचा तळ होते आणि तिच्यातली एक दाट ओळ षट्कोनाची ओळ होते. अशा सहा पातळ्या, प्रत्येकीत दोन ओळी. म्हणजे बीटाच्या एका कणापुढे अल्फा होण्याच्या बाराच वाटा असतात. बारा म्हणजे पुष्कळ विस्कळीतपणा, असं कुणी म्हणेल. पण प्रत्यक्षात बाराही वाटा सारख्या तुडवल्या जात नाहीत. तापवण्याआधी अल्फाच्या फटींत जो थोडा बीटा जुन्या नात्याने बसलेला असतो, तापल्यावर तोच वाढून सगळं व्यापतो. उतरताना कणांच्या सीमेवर शेजाऱ्याशी जुळेल अशी वाट आधी धरली जाते. परिणाम असा, की खालून वर आणि वरून खाली जाऊन आलेली प्लेट तपासली तर लाटल्याची दिशा बरेचदा पुन्हा डोकं वर काढते. शास्त्रज्ञ याला सरळ टेक्स्चर मेमरी म्हणतात. आठवण ठेवली कुणी, तर ज्याच्यात ती दिशाच नव्हती अशा बीटाने.

रूप बाकी ओळखू येणार नाही इतकं बदलतं. बीटातून पाण्यात विझवलं तर अणू कवायतीतल्या पलटणीसारखे एकत्र सरकतात आणि सुयांचं जाळं होतं. सावकाश थंड केलं तर अॅल्युमिनिअम अल्फाकडे आणि व्हॅनेडिअम बीटाकडे आपापल्या पसंतीच्या घरी जातं, आणि विणलेल्या टोपलीसारख्या पट्ट्या दिसतात. व्हिएन्नाच्या विडमनश्टेटन या सरदाराला १८०८ मध्ये उल्केच्या लोखंडात अशीच नक्षी दिसली होती, तिचंच नाव हिलाही पडलं. आणि अल्फा-बीटा दोन्ही असताना ठोकून मग सुमारे ७०० अंशांवर दोन तास ठेवलं, तर पट्ट्या तुटून गोल दाणे होतात, शिजलेल्या साबुदाण्यासारखे.

पीलुपाकवाद्याला यात त्याचं म्हणणं दिसेल: जुनी मांडणी मोडली, नवी झाली. पिठरपाकवादी म्हणेल, अख्खेपणा कधीच सुटला नाही, खूण राहिली. दोघांनाही न सुचलेला मधला दुवा असा, की मांडणी खरोखरच मोडते आणि खूण तरीही राहते, कारण मोडण्यालाही रीत असते. तपश्चर्येवर प्रवचनं देणाऱ्यांनी इथे थोडं थांबायला हरकत नाही. योगशास्त्राच्या भाष्यात क्लेश जळतात ते भाजलेल्या बीजासारखे. फुटाणे पेरून हरभरा उगवत नाही. पण तिथेही नुसत्या तपाने क्लेश फक्त पातळ होतात असं धरलं आहे, बीज भाजायला विवेकाची आग लागते. या फरकाकडे सहसा लक्ष जात नाही. तापाचे अंश असतात.

मग धातूत बीज भाजतं कुठे? वितळण्यात. तिथे अणू खरोखर सुटे होतात, वैशेषिकांना हवे तसे, आणि लाटल्याची दिशा, ठोकल्याची रेष, कोपऱ्यावरचा बाण सगळं संपतं. भंगारात आलेल्या प्लेटीला पूर्वजन्म उरत नाही.

एक अपवाद आहे आणि तो भयंकर आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यावरून जाणाऱ्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था कापल्या. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान कसंबसं आदळलं. २९६ जणांपैकी ११२ गेले. तबकडी सिक्स-फोरची होती, आणि तडा जिथून सुरू झाला तिथे नायट्रोजनने कडक झालेला अल्फाचा एक सूक्ष्म ठिपका होता. तो धातू वितळवतानाच आत शिरलेला. टायटॅनिअम नायट्राइड वितळायला तीन हजार अंशांच्या जवळ जावं लागतं, म्हणून टायटॅनिअम वितळलं तरी असा कण विरघळायला वेळ घेतो, आणि नंतरच्या कुठल्याही ठोकण्या-तापवण्याला दाद देत नाही. मनुस्मृतीत जातकर्मादी संस्कारांनी बीजाचा आणि गर्भाचा दोष जातो असं सांगितलं आहे. या तबकडीवर सगळे संस्कार यथासांग झाले होते. ती घडवली गेली तेव्हा इंगट, म्हणजे धातूचा ओतीव ठोकळा, निर्वातात दोनदा वितळवत. त्यानंतर लगेच, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, तिसऱ्यांदा वितळवण्याची रीत आली.

याच्या नेमकी उलट घटना ३० सप्टेंबर २०१७ची. पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए-३८० ग्रीनलंडच्या बर्फावरून जात असताना उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाचा पंखाच तुटून पडला. आत ५२१ माणसं होती. विमान कॅनडातल्या गूस बे इथे उतरलं, कुणालाही इजा झाली नाही. पण पंख्याचा मधला भाग, ज्यात कारण दडलेलं, तो बर्फात गडप. शोध घेणारे जवळपास दोन वर्षं पुन्हा पुन्हा त्या हिमनदीवर जात राहिले, आणि २०१९च्या उन्हाळ्यात सुमारे चार मीटर बर्फाखाली सापडलेला दीडशे किलोंचा तुकडा खणून काढला गेला.

त्यात नायट्रोजनचा ठिपका नव्हता, परका कण नव्हता, बीज शुद्ध होतं. होती ती वस्ती. शास्त्रज्ञ तिला मॅक्रोझोन म्हणतात. इंगट थंड होताना बीटाचे मोठाले कण होतात. प्रत्येकातून अल्फाच्या पट्ट्या एकाच दिशेने उगवतात. पुढे ठोकून त्या तुटतात आणि गोल दाणे होतात. आम्लाच्या मिश्रणाने चमकवलेला असा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर एकेक दाणा सुटा, नीटनेटका, पाठ्यपुस्तकात छापावा असा दिसतो. तोच तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सत्तर अंश कलता ठेवून प्रत्येक दाण्याच्या दिशेला रंग दिला, की शेकडो सुटे दाणे एकाच लालसर रंगात उजळतात. घरं वेगळी झाली, पण तोंडं सगळ्यांची पूर्वी होती तिकडेच.

त्याने बिघडतं काय? उड्डाणाच्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीवर काही मिनिटं धरून ठेवतात. त्या मिनिटांत ताणाच्या दिशेला आडवे पडलेले मऊ दाणे हळूच घसरतात आणि आपला भार ताठ उभ्या दाण्यांवर ढकलतात. एखादाच ताठ दाणा असता तर तडा त्याच्यापाशी थांबला असता. अख्खी वस्तीच ताठ असेल तर तो एका घरातून दुसऱ्या घरात विनासायास जातो. याला थंड ड्वेल फटीग म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आरबी-२११ इंजिनांच्या दुसऱ्या एका मिश्रधातूच्या तबकड्या फुटल्या तेव्हापासून तो माहीत होता. सिक्स-फोरला त्याची बाधा होत नाही अशी मात्र समजूत होती.

आणि कारखान्यातलं थापटणं? ते होतंच. अशा तबकडीत श्राव्यातीत ध्वनी सोडून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात. चीर असेल, परका कण असेल, तर पडद्यावर स्पष्ट टोक उठतं. मॅक्रोझोनला असं टोक नसतं. पडद्याच्या तळाशी जी बारीक खुसपुस कायम असते, जिला तपासनीस गवत म्हणतात, ते गवत थोडं दाट होतं, इतकंच. खणकन नाही, बद्दही नाही. अशा वस्त्या नुसत्या कानाने ओळखता येतील का, यावर आता संशोधन चालतं, आणि त्यात वस्तीचं लांबटपण कामी येतं: लांबीच्या अंगाने ती वेगळी खुसपुसते, रुंदीच्या अंगाने वेगळी. म्हणून प्रयोगशाळेत तुकडा एका बाजूने ऐकून झाला, की तो नव्वद अंशांत फिरवतात आणि प्रोब पुन्हा टेकवतात.